आपल्या विभागात

पैसे भरून झाले. दोनशे नव्व्याण्णव, पूर्ण मोसमाचे,
पप्पांच्या पेन्शनीतून, ओटीपी दोनदा मोठ्याने वाचत.
संध्याकाळचे सात. चहा बशीने झाकलेला.
आणि पडद्यावर काळं, काळ्यावर पांढरं:
हा सामना आपल्या विभागात उपलब्ध नाही.

पप्पा म्हणाले, विभाग म्हणजे सी वॉर्ड का?
ही भाषा त्यांच्या ओळखीची.
जलवाहिनीची दुरुस्ती, नागरिकांनी नोंद घ्यावी,
बुधवारी पाणी नाही, भरून ठेवा.
पण हॉकी कुठल्या पिंपात भरून ठेवायची?

मी फोन लावला. चौदा मिनिटं सतार वाजली.
मग एक मुलगा, बहुधा गुडगावचा, फार सभ्य:
मॅडम, सामना मुंबईत आहे ना, म्हणून मुंबईत बंद.
स्टेडियमची तिकिटं खपायला हवीत.
नागपुरात दिसतोय, साताऱ्यात दिसतोय.
तुम्ही स्टेडियमपासून लांब राहता का?
म्हटलं, खिडकीतून त्याचे दिवे दिसतात.
मग जाऊन बघा ना, मॅडम.

त्याची काही चूक नव्हती.
चार मजले, लिफ्ट नाही, साखरेने नेलेला डावा पाय,
यातल्या कशासाठी कुठलं बटण दाबायचं
हे त्यांच्या यादीत नव्हतं.

टेलिफोन खात्याचा राइट हाफ.
दिवसभर खांबावर, पाचनंतर मैदानात.
गवतावर खेळले, खडीवर खेळले,
टर्फ आलं तेव्हा रिटायर झाले होते.
एकदा फक्त हात लावून आले, म्हणाले, सतरंजीसारखं लागतं.
त्या सतरंजीवर नाझनीन वाढली.
उमरखाडीची, पालिकेच्या शाळेतली, नऊ वर्षांची,
तेव्हा पप्पांनी आपली स्टिक वरून वीतभर कापून दिली होती तिला.
भुसा आई दोन दिवस झाडत होती
आणि दोन दिवस बोलत होती.

आज तिचा सतरा नंबर.
मस्कतमध्ये दिसतो.

मस्कतमध्ये लॅन्सी पिंटो, खात्याचा लेफ्ट आउट,
मुलाकडे असतो, एसीत, मफलर गुंडाळून.
फोन स्पीकरवर, उशीला टेकवलेला.
नागवेकर, ऐक, आपल्या पोरीने बॉल घेतला.
कुठे?
पंचविसाच्या रेषेवर.
कुठल्या बाजूला?
तुझ्या.

पप्पांचा उजवा खांदा चादरीखाली पुढे झुकतो.
दहा मिनिटांच्या अंतरावरचा खेळ
समुद्रापलीकडे जातो,
लॅन्सीच्या कवळीतून सुटून
सोनापूर गल्लीत परत येतो.
एवढा लांब पास, पप्पा म्हणतात,
खेळत असताना या माणसाने एकदाही दिला नाही.
स्वतःच घेऊन पळायचा, गधडा.

मध्येच आवाज तुटतो. मध्येच लॅन्सी नुसता आई गं म्हणतो
आणि पुढचं सांगायला विसरतो.
पप्पा पलंगाची दांडी आवळतात:
लेकाचे, तिकीट खपवायला माणसाला आंधळं करतात.
आमच्या वेळी तिकीट कुठलं,
भिंतीवर बसून शिव्या घालायचे लोक, फुकट,
नावानिशी.
ते अजूनही दुखतं त्यांना, का आवडतं, मला कळलेलं नाही.

शेवटचं क्वार्टर. एक-एक. पेनल्टी कॉर्नर.
लॅन्सी सांगतोय, त्या चौघी गोलात मास्क चढवतायत,
आपली नाझनीन वर्तुळावर,
थांब, पंच काहीतरी म्हणतोय,

आणि खिडकीतून तो ओरडा आला.
दिव्यांच्या बाजूने, बेस्टच्या हॉर्नवरून, सबंध गल्लीभर,
घरच्या टीमचाच, दुसऱ्या कुणाचा असता
तर एवढा लांबला नसता.
पप्पा म्हणतात त्याआधी फळीचा ठक्कसुद्धा ऐकला.
एवढ्या लांबून फळी ऐकू येत नाही. मी काही बोलले नाही.

फोनमध्ये लॅन्सी अजून कॉर्नरच लावत होता:
थांब रे, मारला नाही अजून, गोलकीपर ग्लोव्ह सारखे करतेय.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं.
डोळे भरलेले, आवाज मात्र एकदम कोरडा:
सांग, सांग लवकर, लॅन्सी, काय झालं?
इथे आम्हाला काहीच कळत नाही.