गेल्या सात दिवसांत

गेल्या सात दिवसांत तुम्ही निदान एक तास
काही काम केलंत का?
हा प्रश्न मी दिवसातून तीसेक वेळा विचारते,
आणि लोक आधी माझ्या चपलांकडे बघतात.

भोसरी, जे ब्लॉक. मनपाहून बस, पुढे पायी,
कारण रिक्षाभाडं मंजूर होईतो वर्ष उलटतं.
टॅबमध्ये चौकोन आहेत, चौकोनांना कोड आहेत,
"आता काय सांगू" याला कोड नाही.

शिवलिंग बिराजदार, गाव निलंग्याच्या अलीकडे,
भट्टीवर अकरा वर्षं.
सातातले सहा दिवस गेटाबाहेर बसून.
सातव्या दिवशी शेठच्या मुलीची बंद स्कूटर
ढकलत गॅरेजला नेली, चालवत परत आणली.
एक तास झाला असेल?
त्याने प्रामाणिकपणे आठवलं. "सव्वा."
शंभर रुपये मिळाले, वर अर्धी प्लेट साबुदाणा.
मी बोट टेकवलं. टॅबने हिरवी खूण केली.
राज्यातला एक बेरोजगार कमी झाला.

पूर्वी भट्टी रात्री पेटायची.
रात्रीची वीज स्वस्त, म्हणून याची झोप दिवसा,
म्हणून पोरांनी पाढे कुजबुजत पाठ केले,
म्हणून बायकोने कुकर शेजारी नेऊन लावला.
मग दरपत्रक बदललं, उन्हातली वीज स्वस्त झाली,
आणि एका परिपत्रकासरशी
त्या घराला रात्र परत मिळाली.
"पण झोपच लागंना," तो म्हणाला.
"पोरं एकदम मोठ्यानं बोलाय लागली की हो."
याला रकाना नव्हता.
मी बसच्या तिकिटामागे लिहून ठेवलं.

मालक ताम्हणकर. टेबलावर खोक्यात बुश,
अंगठ्याएवढे, तेलकट, सुंदर.
जर्मनीतल्या कुठल्याशा पंपात बसायचे होते.
"होते"पाशी ते चष्मा पुसतात.
कंटेनर तळेगावात भरून उभा,
तिकडून ईमेल: पुढील सूचनेपर्यंत.
"भाडं मात्र सूचनेवाचून चढतं."
कामगार किती, मी विचारते.
कागदावरचे, का आजचे?
एकतीस तारखेचे.
"एकतीसला पगार होता, मॅडम. सगळे होते."

मग म्हणाले, ती पाटी ठेवा बाजूला, इकडे या.
शेडच्या मागे मीटरची पेटी, काचेआड लाल ठिपका.
"तेजीत हा लुकलुकत नाही.
सलग पेटल्यासारखा दिसतो, डोळ्याला सापडत नाही.
आता मोजा."
आम्ही मोजू लागलो.
एक.
शिवलिंगही येऊन उभा राहिला, हात मागे बांधून.
दोन.
पलीकडच्या गाळ्यात कुणी शिंकलं,
इतकं स्पष्ट ऐकू येईल एवढी शांतता
भोसरीत मंगळवारी दुपारी.
तीन.
मोजता येतंय, म्हणजे समजून घ्या, ते म्हणाले.
आणि मी, जिला मोजण्याचाच पगार मिळतो,
खाली बघत राहिले.

शिवाजीनगरला साहेब खूश होते.
टक्का जरा वर सरकलाय, म्हणाले,
भोसरीचा नमुना छान आला.
माझं कंत्राट मार्चपर्यंत. विचारलं नाही.
गेल्या सात दिवसांत मी काम केलंय.

रात्री आमच्या जिन्याखाली थांबले.
बारा मीटर, बारा लाल ठिपके.
आयटीवाल्या पोरांचा, एसी लावून झोपलेल्यांचा,
जवळजवळ सलग.
वरच्या नेनेबाईंचा, एक फ्रीज आणि एक रेडिओ,
म्हाताऱ्या माणसाच्या जपासारखा.
सातवा लागलाच नाही. ते चाकणचं जोडपं
गेल्या महिन्यात सामान टेम्पोत घालून गेलं,
गॅसची शेगडी तेवढी वॉचमनला देऊन.

जिन्यातला दिवा आपोआप विझला.
अंधारात मला माझा कुठला ते ओळखेना.
एकावर नजर धरली,
आणि मोजायला लागले, सवयीने,
मनात नाही, ओठांनी.