नमुना क्रमांक सात

मानवतच्या जुन्या जिनिंगचं आता मंगल कार्यालय होणार,
म्हणून मला बोलावलं.
पत्रे उतरवायच्या आधी कागद लागतो
आणि कागदाच्या आधी मी.

खाजामियाँ मिस्त्री शिडी धरून उभे.
"पत्र्याला ताप आलाय का, बाई,
रक्त काढायलाव त्याचं?"
हसले सगळे. मीही, मास्कच्या आत.
मग पाण्याचा फवारा मारला,
धूळ बसली, हसू बसलं.
पकडीनं कोपऱ्याचा रुपयाएवढा तुकडा मोडला,
पिशवीत पिशवी, वर तारीख, पत्रा कितवा,
आणि मोडल्या जागी चिकटपट्टी
लेकराच्या गुडघ्याला लावतात तशी.

या शेडमध्ये तीस वर्षं रुई उडाली.
गावाला ती ओळखीची होती: केसांत, पापण्यांत, भाकरीवर.
खोकला आला की म्हणायचे, रुई गेली घशात,
गूळ खा.
दगडालाही रुई असते, हे कुणी सांगितलं नव्हतं;
पिंजून सिमेंटात कालवलेली,
सरकी नसलेली,
गुळानं न उतरणारी.

ठेकेदार घड्याळ बघतो.
अक्षय्य तृतीयेला पहिलं लग्न, हळदीसकट बुकिंग झालेलं.
अहवालाला आठ दिवस, म्हटलं
तर असं बघतो
जणू नवरी मीच पळवली.

सहा नमुने झाले. यादीत सहाच होते.
हात धुवायला मागं गेले, गिरजाबाईच्या मोरीवर.
कवडी वेचायला यायची ती, आता राखणीला असते.
तर तिथं, साबणाच्या वडीपाशी,
हाच.
करडा, तळहाताएवढा, कडा झिजून गोल.

"टाचा घासायला. वादळात पडला व्हता वरचा.
लई झाक निघतात भेगा.
सून बाळंतीण व्हती तवा तिच्याबी मीच घासल्या."

मी नवी पिशवी उघडली.
तिनं तो धुतला, पदरानं पुसला,
पाहुण्याला पेला द्यावा तसा पुढं केला.
पुसू नका, म्हणेपर्यंत पुसून झाला होता.

अहवाल आला. सहाच्या सहा. आणि सातवा.
सूक्ष्मदर्शकाखाली तो फार देखणा दिसतो,
रेशमाची लड उसवावी तसा.
हे मी कुणाला सांगत नाही.

लग्न दुसऱ्या हॉलला गेलं. ठेकेदारानं मला नावं ठेवली.
खाजामियाँनी गडी बाहेर काढले, शेडभोवती दोरी बांधली,
आणि दोरीला गाठ मारता मारता विचारलं,
"यातले चाळीसेक मीच कापले व्हते, करवतीनं, कोरडे.
तवाचं कशात दिसतं?"
मला तपासणीचं नाव सांगता आलं.
परभणीत कुठं होते, ते नाही.

गिरजाबाईला बाजारातून वजरी नेली, पितळेची.
तिनं अंगठ्यानं कड चाचपली,
टाचेवर एकदा ओढून पाहिली.
"चांगली हाय," म्हणाली,
"पण त्याची सर न्हाई."