साक्ष

शिमोन शिबिराहून परतला नवापूरला
वहीत शब्द भरून: समर्थन, खंडन, प्रतिवाद,
आक्षेप क्रमांक चार, उत्तर तयार.
बाबा तूर निवडत ऐकत राहिले.
तीस वर्षं कोर्टात पट्टेवाले होते,
पुकारा करकरून घसा बसलेला.
म्हणाले, हे तर सगळे आमच्या कचेरीतले की रे.
आरोपी कोण आहे पण?

शिमोन गप्प.
मग म्हणाला, कोणी विचारलंच तर?

विचारलं होतं एकदा
देसले वकिलांनी, बशीत चहा ओतता ओतता:
का रे गावित, कशाला गेलास तिकडे?
मला एवढंच आलं सांगता,
आई पटकीनं गेली त्या साली
खड्डा खणायला भाऊबंद फिरकले नाहीत.
तिघं आले विसरवाडीहून, कुदळी घेऊन.
नावं मी नंतर विचारली.
कुणाच्या नावानं आले, तेही नंतरच.

मग देसले काय म्हणाले?

काही नाही. चहाचे पैसे त्यांनी दिले.

तूर संपली. सुपात खडे उरले.
शिमोननं वही मिटली नाही, पण
समासात काहीतरी खरडलं, बारीक,
घरातल्या मावचीत,
जी आम्ही सहसा लिहीत नाही.