गाभोळी

सकाळी सात. बाहेर उणे बावीस,
ड्युलूथच्या सरोवरावर बर्फ करकरतोय,
आणि आत, पंचवीस अंशांवर,
बोटाएवढे मासे माझी वाट बघतात.
म्हणजे माझी नाही, खाण्याची.

प्रत्येक टाकीत अर्धा कापलेला पाइप, कौलासारखा पालथा.
मादी त्याच्या छताला अंडी चिकटवते आणि निघून जाते.
पुढचं सगळं बापाकडे:
पाठीवरच्या मऊ गादीनं अंडी पुसतो,
बुरशी लागलेलं अंडं खाऊन टाकतो,
आणि माझा हात आत आला रे आला की
नाकावरच्या पुटकुळ्यांनी त्याला धडका देतो.
एवढासा जीव, पण रुबाब बघा!

मी कौल उचलते, अंडी मोजते, वहीत लिहिते.
कुठल्या टाकीत किती औषध, मला सांगत नाहीत.
ते पाकीट आर्लीन कोस्केलाच्या कपाटात, कुलपात,
एकविसाव्या दिवसापर्यंत.

बाराव्या दिवशी
अकरा नंबरचा नर धडका देईनासा झाला.
पुटकुळ्या विरल्या, अंगावरचे काळे पट्टे फिकटले.
कौलाखाली नुसता असायचा,
दुसऱ्याच्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखा.
अंडी पांढरी पडली. मी मोजली तरीही.
मनात म्हटलं, सगळ्यात मोठा डोस ह्यालाच.

रेवदंड्याच्या बाजारात सुंदरा
पापलेटच्या पोटावरून अंगठा फिरवायची
आणि म्हणायची, "घे गो, गाभोळी हाय."
कधी चुकली नाही.
मला मात्र यंत्र लागतं.
गुंगीचं पाणी, शेपटीजवळची शीर,
केसाएवढ्या नळीत चढलेलं एक थेंबभर रक्त,
आणि दुपारी छापून आलेला आकडा:
नराच्या रक्तात अंड्याचा बलक.

आर्लीननं पाकीट फोडलं.
अकरा नंबर: साधं पाणी.
दुसरं काही नाही.

आठवडाभर आम्ही शोधत होतो.
नळ्या उपसल्या, काचांचा डिंक खरवडला,
खाद्याची पिशवी तपासायला धाडली.
तिच्या नवऱ्यावरसुद्धा संशय घेऊन झाला,
त्यानं एकदा बर्फातून आणलेला मासा
आमच्या सिंकमध्ये धुतला होता म्हणून.
मग एका सकाळी कॉफी ओतताना
मी बाही वर सारली, दंड खाजवला,
आणि ती थांबली.
"तिथं काय लावतेस तू?"

जेल.
बावन्नावं सरलंय मला.
रात्री चादर भिजते, मी उणे बावीसमध्ये खिडकी उघडते,
शेजारी वेडी समजतात.
डॉक्टरीणबाईंनी दिलंय: रोज सहाला,
मनगटापासून खांद्यापर्यंत, चोळून, सुकू देऊन.
आणि सातला हातमोजा मनगटापर्यंत,
हात कोपरापर्यंत पाण्यात.
दाराजवळची, रोजची पहिली टाकी, अकरा नंबर.

माझ्या अंगानं जे आवरतं घेतलं
ते मी दुकानातून आणलं
आणि त्याच्या अंगात सुरू केलं. न विचारता.
मी बाई राहावी म्हणून
तो बाप राहिला नाही.

आर्लीन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
अहवालात एकच ओळ: "बाह्य कारणाने दूषित, प्रयोग रद्द."
बाह्य.
ती ओळ मीच टाइप केली.

आता खांद्यापर्यंतचे हातमोजे आलेत,
घोड्याच्या डॉक्टरकडे असतात तसले.
जेल मी मांडीला लावते.
मग आंघोळ करते, आणि ते पाणी
कुठल्या गटारानं, कुठल्या केंद्रातून, कुठे उतरतं
हे मला नकाशासकट पाठ आहे.
तरी लावते. झोप लागते त्यानं.

आज अकरा नंबरमध्ये नवा नर सोडला.
कौलाखाली शिरला, फिरून बघितलं,
आणि मी हात घालताच
धाडकन् येऊन रबरावर आदळला.
पुन्हा. पुन्हा.

दे बाबा, दे.