एकपक्षीय

तामील झाली, असं फाईल म्हणते.
दौलतगंजच्या दुकानाच्या शटरवर
सोळा जानेवारीला, दोघा साक्षीदारांसमोर
चिकटवलं म्हणे समन्स.
साक्षीदारांतला एक पानवाला हरगोविंद.
तो म्हणतो, काकी, सही केली खरी,
थंडी इतकी होती की कागद वाचायला
हात खिशाबाहेर काढवेना.

सोळा जानेवारीला मी इंदुरात होते,
लेकीच्या बाळंतपणाला.
मार्चात परतले तर शटरवर
कोचिंगच्या जाहिराती, एकावर एक.

समोरचे वकील म्हणाले,
बाई कानात तेल घालून बसल्या होत्या.
तेल होतं, साहेब.
नातीच्या टाळूवर होतं.

चार लाख दहा हजार, वर व्याज.
मला कळलं ते अमीन येऊन
शिलाई मशिनी मोजून गेला तेव्हा.

भदौरिया वकील म्हणतात, अर्ज सोपा आहे.
दवाखान्याचा कागद जोडू, रेल्वेचं तिकीट जोडू,
आणि पाटी तुमची नव्हतीच,
असंही एक कलम घालू.

पाटी माझीच होती.
महाडिक टेलर्स, पत्र्याची, यांच्या हातची,
'ट'चं पोट जरा जास्तच सुटलेलं.
खिळे गंजलेत हे मला माहीत होतं.
दिवाळीनंतर बघू, म्हटलं होतं.
दिवाळीनंतर वारा आला
आणि खालून रामसेवक कुशवाह
सायकलवर चालले होते.

अस्तराच्या कापडानं खांदा मीच बांधला,
टेम्पोत मीच बसवलं. निकालात ते नाही.
साठ टक्के अपंगत्व आहे.
परवा कोर्टाच्या जिन्यात
त्याच हातानं ते तंबाखू मळत होते.
आणि तोच हात
सदऱ्याच्या वरच्या बटणापर्यंत पोचेना,
हेही मी पाहिलं. बटणं मला आधी दिसतात.

ते कलम खोडा, म्हटलं.
वकिलांनी चष्मा काढला.
मग भांडायचं कशासाठी, बाई?

मापासाठी.
हा आकडा माप न घेता बेतलाय.
मला समोर उभी करा, त्यांना उभं करा, टेप लावा.
माझ्या अंगाला जेवढं येईल
तेवढं मी घालीन, घट्ट झालं तरी.

कोर्ट म्हणालं, आधी एक लाख भरा.
पिकोची मशीन गेली.
पेशी मंगळवारी आहे.
चपराशी नाव पुकारतो ते अर्धं
बाहेरच्या हॉर्नमध्येच जातं,
म्हणून मी आता
दाराला खेटूनच उभी राहते.