खिसा

सावळजच्या बागेत विरळणीला निघताना
पातळावरून चढवते
धाकट्या दिराचा जुना चौकडीचा शर्ट.
नणंदेच्या लग्नात आहेरात आलेला,
तेव्हा कॉलर कशी ताठ होती!
आता बाह्या दुमडल्या की
कोपराशी आपोआप थांबतात,
म्हाताऱ्या गाईला गोठा दाखवावा लागत नाही तशा.

चौकडीचा निळा कुठला
अन् मोरचुदाचा कुठला,
धुताना मलाच कळत नाही.

बायडाक्का हसते, 'बाप्यागत दिसतीस की गं!'
दिसू दे.
वेलीचं खरबरीत पान मानेला लागत नाही,
ऊन लागतं, पण गाळून.

आणि माझ्या सबंध जन्मातला
हा पहिला खिसा.
त्यात कात्री, मिश्रीची डबी,
टेम्पोभाड्याचे वीस रुपये
आणि एक बटण,
कशाचं ते आठवत नाही.