गुरुवारची रेघ

खोब्रागडे मॅडमनी वहीत सात चौकटी आखल्या.
सोमवार, स्नॅच. मंगळवार, स्क्वॉट, जड.
बुधवारी क्लीन अँड जर्क, वरून खांद्यांची शिक्षा.
गुरुवारच्या चौकटीत काहीच लिहिलं नाही,
फक्त पेन्सिलीने एक आडवी रेघ,
झोपलेल्या माणसासारखी.

"हापण सरावच आहे," म्हणाल्या.
"बुडवलास तर शुक्रवारी बारला हात लावू देणार नाही."

मी बुडवला. तीन आठवडे.
पहाटे पारडीच्या पुलाखालून चालत,
शाळेमागच्या हॉलची किल्ली चौकीदाराकडून मागून,
एकटीच लोखंडाशी.
वाटायचं, कुठेतरी माझ्याच वजनगटातली,
कधी न पाहिलेली एक मुलगी
याच वेळी बारवर वाकली असेल
आणि मी झोपले तर
एक किलो तिच्या बाजूला सरकेल.

चौथ्या आठवड्यात अठ्ठावन्न किलो,
जे मी गप्पा मारत उचलायची,
गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं,
चढावर ऑटो बंद पडावा तसं.
मॅडमनी माझा तळहात उलटा करून पाहिला.
फाटलेली कातडी, भेगेत खडूची भुकटी.
"गुरुवार कुठे गेले तुझे?"
एवढंच.

घरी बाबा चष्मा लावून माझी वही वाचत होते.
कळमन्याच्या यार्डात बत्तीस वर्षं हमाली,
मिरचीची पोती, गव्हाची पोती, संत्र्याचे क्रेट.
त्या पाठीचं वेळापत्रक कोणी आखलं नाही.
यार्ड बंद, तर सुट्टी. नाहीतर ताप.
ताप आला की आई म्हणायची,
बरं झालं, दोन दिवस टेकतील तरी.

रेघेवर बोट ठेवून विचारलं,
"हे काय वं यशू? इथं काऊन नाही लिवलं काही?"
मी सांगितलं.
स्नायू उचलताना वाढत नाहीत, बाबा.
उचलताना तुटतात, बारीक बारीक.
वाढतात ते नंतर,
झोपेत, वरणभातावर, काही न करण्यात.
सांगता सांगता जीभ जड झाली.
कोणाला शिकवत होते मी हे?

कूलरचा पंप घरघरला, थांबला, परत घरघरला.
मग म्हणाले, "संत्र्याच्या झाडाले ताण देतेत, तसं.
काटोलचे बागवाले सांगतेत ना.
पाणी तोडतेत महिनाभर.
झाड मेल्यावानी दिसते, पानं गळतेत,
नवा माणूस भेते, बादली घेऊन धावते,
जुना त्याचा हात धरते. थांब म्हणते.
मंग पाणी सोडलं का बहार फुटते.
थांबलं नाही, तर नुसता पाला."

वही मिटली. चष्मा डबीत ठेवला.
"आमाले ताण भेटला, पोरी.
पाणी सोडाले कोणी आलं नाही."

आणि हसले. तंबाखूच्या डागांचं हसू.
मला हसता आलं नाही.

आज गुरुवार. सेहेचाळीस डिग्री.
माझं आजचं काम:
लाटण्यावर तळपाय फिरवणे,
दहीभात, कांदा,
अडीच वाजता झोप.
हे अठ्ठावन्नपेक्षा कठीण आहे.
अंगठा आत दाबून बोटं आपोआप मिटतात,
चादर धरतात, जणू आता खेचायचीच आहे.
एक एक बोट सोडवावं लागतं.

भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर.
आजच्या तारखेखाली एक आडवी रेघ.
माझी नाही. मी इतकं दाबून लिहीत नाही.

कूलरसमोर चटईवर बाबा,
अंगात ताप नसताना, दुपारी.
गल्लीतून कोणीतरी ओरडतं,
गाडी लागली, चला हो, दोन माणसं कमी आहेत.
त्यांचा खांदा आधी उठतो, सवयीने, त्यांच्याही आधी.
मग हळूच खाली टेकतो.
कूस बदलतात.